न तपासता दिलेलं नाव

त्या उन्हाळ्यात मी एका बदलाखाली माझं नाव लिहिलं, आणि तो बदल मी वाचलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला आडोसा शोधता येणार नाही.

इथला, दक्षिण गोलार्धातला उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी. माझं दुसरं वर्ष संपलं होतं आणि विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत मला दहा आठवड्यांचं काम मिळालं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे सुट्टीतही विद्यापीठ आपल्याला बोलावतं, टेबल देतं, दाराचं कार्ड देतं, हे मला आणि घरच्यांना सारखंच नवीन होतं. पप्पा वीरीच्या बाजूला ट्रकच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. इचलकरंजीहून आम्ही आलो तेव्हा मी सातवी संपवली होती, मराठी शाळेत. ते कार्ड त्यांनी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं आणि परत दिलं होतं.

काम एका छोट्या कर्नलचं होतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्र सुरू झालं की बाकी कुणाच्याही आधी तो जागा होतो आणि घड्याळ, मेमरी, दिवे सगळं ताब्यात घेतो. आमचा कर्नल फक्त शिकवण्यासाठी होता. दुसऱ्या वर्षाची मुलं तळहाताएवढ्या सर्किट बोर्डांवर तो चालवतात. बोर्डं दोन प्रकारची होती, जुनी आणि नवी. मार्चमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आत तोच कर्नल दोन्हीवर नीट चालायला हवा होता. त्यातला माझा वाटा असा: कुणीही काही बदललं की ते जुन्या बोर्डावर चालवून पाहायचं. जुनं बोर्ड माझ्याच खणात असायचं.

कर्नल शेकडो फाइलींचा असतो आणि या फाइली एकमेकींना हेडर नावाच्या फाइलींमधून ओळखतात. एखाद्या फाइलीला घड्याळ हवं असलं, तर ती वर लिहिते की मला घड्याळाचं हेडर द्या. कुठलं, ते लिहीत नाही. या फाइलींचा यंत्राला समजेल असा प्रोग्राम बनवतो तो कंपायलर. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला इन्क्लूड पाथ म्हणतात. तो त्या यादीत वरून खाली शोधत जातो, त्या नावाची पहिली फाइल सापडली की उचलतो आणि थांबतो. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची दुसरी असेल, तर तिचा त्याला पत्ताच नसतो.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मनुरेवातलं आमचं पहिलं घर आठवलं. दोन वर्षं आम्ही आणि एक नागपूरकडचं कुटुंब, असे एकाच स्वयंपाकघरात होतो. दोन्ही घरच्या बरण्यांवर ‘चटणी’ एवढंच लिहिलेलं असायचं. आई म्हणायची, चटणी आण, आणि मी वरच्या फळीवर जी पहिली दिसेल ती आणायचे. जेवायला बसल्यावर कळायचं कुणाची आली ते.

आता दादाबद्दल. तो पुण्याचा, इथे पीएच.डी. करत होता, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा. दुसऱ्या वर्षी तो आमच्या प्रॅक्टिकलना शिकवायला यायचा. एकदा मी कॉरिडॉरमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तर मागून आवाज आला, “इचलकरंजी का?” एका वाक्यावरून त्याने गाव ओळखलं होतं. त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणायला लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापक एक कीवी बाई होत्या. त्यांना सगळे नावाने हाक मारायचे, त्यांना तेच आवडायचं. मला ते कधी जमलं नाही, म्हणून मी त्यांना हाकच मारायचे नाही. त्यांच्या नजरेला नजर मिळेपर्यंत उभी राहायचे. तर या बाईंना दादानेच माझं नाव सुचवलं होतं. माझे मार्क बरे होते, पण बरे मार्क पुष्कळांचे होते.

पहिल्या दोन आठवड्यांत दादाने मला जेवढं शिकवलं तेवढं दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. सगळं मराठीत. मला मराठीतून यंत्राबद्दल कुणी सांगितलं की ते आत कुठेतरी लवकर पोचतं, का ते मला माहीत नाही. तो चिडवायचाही भरपूर. मी “करतोय की” म्हटलं की तो म्हणायचा, “अगं, करतोय काय, करतेय म्हण. पुण्यात असतीस तर वर्गाबाहेर काढलं असतं.” मी हसायचे. आणि तो जे सांगेल त्यावर माझं उत्तर एकच असायचं: हो दादा.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. कुणीही आपला बदल आपणच आत घालायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, चालवून पाहायचा आणि खाली आपल्या नावाने एक ओळ लिहायची, की मी हे तपासलं. ती ओळ आली की बदल आत. ती ओळ काढली गेली, तर बदल परत उघडतो आणि सगळ्यांसमोर येतो.

तिसऱ्या आठवड्यात दादाने इन्क्लूड पाथचा बदल केला. तोवर प्रत्येक फाइलीत हेडरचा लांबलचक पत्ता लिहावा लागायचा. त्याने सगळी फोल्डरं एका यादीत घातली, दोन्ही बोर्डांचीसुद्धा, अक्षरांच्या क्रमाने, आणि सगळीकडचे पत्ते आखूड केले. दिसायला फार स्वच्छ. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी तो म्हणाला, “तेवढं नाव टाक गं, मग डंप्लिंग खायला जाऊ.” मी नाव टाकलं. बोर्ड खणातून काढलंसुद्धा नाही. तेव्हा मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. दादाने केलेलं आपण काय तपासायचं?

पुढच्या बुधवारी मी दुसऱ्याच कामासाठी जुनं बोर्ड लावलं. त्यावरचा छोटा हिरवा दिवा दर सेकंदाला लागून विझायला हवा. तो लागला आणि लागलेलाच राहिला. मी वायर हलवून पाहिली. मग मोजलं. दहा सेकंदांनी विझला.

कंपायलरला विचारता येतं, की कुठली फाइल कुठून उचललीस? मी विचारलं. जुन्या बोर्डासाठी त्याने घड्याळाचं हेडर नव्या बोर्डाच्या फोल्डरातून उचललं होतं. यादीत ते आधी येत होतं. जुन्या बोर्डाचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देतं, नव्याचं हजार. बिचारा कर्नल हजार ठोक्यांची वाट पाहत बसला होता.

मग मी बदलाचं पान उघडलं. बदलाखालच्या त्या ओळीत माझं नाव होतं, माझंच, आडनावासकट.

दादाला सांगितलं, तर तो मुळीच घाबरला नाही. “अरे हो की,” म्हणाला, “नव्यावरच पाहिलं मी.” आणि लगेच उपाय काढला: यादी तशीच ठेवायची, फक्त ज्या बोर्डासाठी बांधणी, म्हणजे कंपायलरचं काम, चालली असेल त्याचं फोल्डर सगळ्यांत वर न्यायचं. एका ओळीचं काम. दोन्ही दिवे बरोबर चालू लागले. मला मात्र चैन पडेना. मी चाचरत विचारलं, की दादा, पण दुसऱ्या बोर्डाचं फोल्डर यादीत हवंच कशाला? जुन्यासाठी बांधतोय तर नव्याचं दिसायलाच नको ना?

त्याचं म्हणणं होतं की ते काढलं तर त्रेचाळीस फाइली तुटतील. आणि समजा एखादं हेडर सापडलं नाही, तर दुसऱ्या वर्षाची मुलं पडदाभर लाल अक्षरं बघून घाबरतात, हे त्याने तीन वर्षं शिकवताना पाहिलंय. मी म्हटलं, हो दादा. त्याचं बरोबरच होतं. मीही घाबरले होते, त्याच मुलांमध्ये बसून.

पण डोक्यातून जाईना. ट्रेनमध्ये तेच, जेवताना तेच. चुकीची फाइल मिळण्यापेक्षा फाइल न मिळालेली बरी नाही का? हे वाक्य मला मराठीतही सुचत होतं आणि इंग्रजीतही, फक्त कुणासमोर म्हणता येत नव्हतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये दादाने सगळं नीट मांडलं. आपली चूक झाली हेही त्याने सांगितलं. माझ्या ओळीचा उल्लेखही केला नाही. मला सांभाळून घेतलं त्याने, आणि मला ते समजत होतं, त्यामुळे आणखीच बसवेना. बाईंनी टेबलाभोवती पाहून विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना? शेवटी माझ्याकडे बघितलं. मला नुसती मान हलवता आली असती. गप्प राहता आलं असतं. मी म्हणाले, “येप, स्वीट अ‍ॅज.”

इथली मुलं ‘एकदम मस्त’ अशा अर्थी म्हणतात ते हे शब्द मी त्याआधी कधी वापरले नव्हते. कुठून आले कोण जाणे.

शनिवार मी कसाबसा काढला. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून जुन्या बोर्डासाठी बांधणी केली आणि कंपायलरकडून उचललेल्या सगळ्या हेडरांची यादी मागवली. शेकडो ओळी. दादाचा उपाय लागू केलेलाच होता. मी बोट ठेवून एकेक वाचत गेले. आई शेजारी मटार सोलत होती. तिला वाटलं परीक्षा आहे.

एक ओळ सापडली. नव्या बोर्डात राखणदारासारखं एक वेगळं घड्याळ असतं. कर्नल अडकून बसला तर ते बोर्ड परत सुरू करतं. जुन्यात ते नाहीच. म्हणून जुन्याच्या फोल्डरात त्याचं हेडरही नाही. कंपायलरला वरच्या फोल्डरात ते सापडलं नाही, तो यादीत खाली गेला आणि नव्याच्या फोल्डरातून गुपचूप घेऊन आला. म्हणजे जुन्या बोर्डावर आमचा कर्नल, जिथे काहीच नाही अशा ठिकाणी जाऊन काहीतरी लिहीत होता. दिवा नीट चालत होता. बाकी काय होत होतं, देव जाणे.

मला आधी आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू. मग पुढचं लक्षात आलं. आता माझ्याकडे शंका नव्हती, पुरावा होता. दादाचा बदल अजून माझ्या नावावर आत बसलेला होता. नाव तसंच ठेवलं तर ते जाणूनबुजून होणार होतं. काढलं तर दादाचं काम सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं, आणि तेही त्याच आठवड्यात जेव्हा तो शिकवणाऱ्या सगळ्यांना नवी मांडणी दाखवणार होता.

पप्पा मागच्या अंगणात व्हॅन धूत होते. त्यांना जमेल तसं सांगितलं. फोल्डर वगैरे सोडून दिलं, एवढंच सांगितलं की मी न बघता सही केली आणि काम चुकीचं निघालं. त्यांनी पाइपचं पाणी बंद केलं.

“त्यानंच तुला आत घेतलंय न्हवं?” ते म्हणाले. “मग जरा दमानं. फोन कर त्याला. लिहू नगंस काही. लिहिलेलं ऱ्हातं.”

आई दारात आली होती. ती म्हणाली, “दादा म्हणतीस न्हवं त्याला? मग भांड की. मी माझ्या दादाशी काय कमी भांडले?”

पप्पा म्हणाले, ते घरचं झालं. आई म्हणाली, मग त्याला दादा म्हणायचं कशाला, सर म्हणायचं. दोघांचं तेवढ्यावरून सुरू झालं आणि मी आत आले.

मी फोन केला नाही. तीनदा नंबर काढला. काय म्हणायचं होतं मला? हो दादा याशिवाय त्याच्याशी बोलायची मला सवयच नव्हती. पप्पांचं ऐकायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

सोमवारी रुळांच्या कामामुळे गाड्या बंद होत्या, म्हणून बदली बस होती. मोटरवेवर ती इंचाइंचाने सरकत होती. माझ्या शेजारी एक आजोबा सुपरमार्केटची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होते. मी फोनवर चार वाक्यं लिहिली, इंग्रजीत. हा बदल मी न तपासता त्याखाली नाव लिहिलं होतं. जुन्या बोर्डावर तो चालवून पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. माझं नाव मी काढून घेते आहे. सोबत यादीतली ती ओळ जोडली आहे. वाचलं, एक शब्द बदलला, परत तोच ठेवला, आणि पाठवून दिलं. नियमाप्रमाणे ते प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला गेलं. बस अजून तिथेच होती. उतरून चालत जावं असं वाटत होतं, पण मोटरवेवर कुणी उतरू देत नाही.

दहा वाजता दादा माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

“हे मला तोंडी सांगता आलं नसतं?”

“सांगणार होते.”

“कधी? शुक्रवारी तुला विचारलं होतं की. सगळ्यांसमोर विचारलं होतं.”

मी खण उघडला, परत लावला.

“चुकलं असेल माझं, त्याचं काही नाही,” तो म्हणाला. “चुका होतात. पण मी बसमधून पाठवलेल्या मेलवरून कळून घ्यायचं? मी काय खाणार होतो का तुला?”

मला म्हणायला हवं होतं की दादा, तू चिडशील याची भीती नव्हती. तू चिडला नसतास, समजावलं असतंस, आणि मी परत हो म्हणाले असते, याची भीती होती. हे मला त्या वेळी सुचलं नाही. घरी गेल्यावर सुचलं. त्या वेळी मी फक्त सॉरी म्हणाले, आणि मराठीत सॉरी फार छोटं वाटतं.

तो जायला वळला. मग इंग्रजीत म्हणाला की दोन वाजता फळ्यापाशी बसू, बाईंनाही बोलावतो. इतक्या दिवसांत कामाबद्दल माझ्याशी तो पहिल्यांदा इंग्रजीत बोलला.

दोन वाजता बाई आपल्या झाडाचे आलुबुखार वाडग्यात घेऊन आल्या. आधी माझ्याकडे वळून म्हणाल्या की सांगितलंस ते बरं केलंस, आणि तो विषय तिथेच संपवला. माझी तयारी बोलणी खायची होती. एवढ्याशा वाक्याने मी गोंधळून गेले.

मग दादाने फळ्यावर दोन्ही मांडण्या काढल्या. माझीही त्यानेच काढली, आणि माझ्यापेक्षा नीट. एका बाजूला सगळ्यांसाठी एकच यादी, निवडलेलं बोर्ड वर. दुसऱ्या बाजूला प्रत्येक बोर्डाची वेगळी यादी, ज्यात दुसऱ्याचं फोल्डर नाहीच. तो म्हणाला, राखणदाराचं हेडर ही एकच गळती आहे. ती बुजवू, एका दिवसात होईल. त्रेचाळीस फाइली हलवायच्या म्हणजे त्रेचाळीस नव्या चुकांना जागा, वर्ग सुरू व्हायला थोडेच आठवडे असताना. हे सगळं खरं होतं.

माझी पाळी आली. मी इंग्रजीत बोलत होते आणि मला आश्चर्य वाटत होतं की मी बोलतेय. मी म्हटलं, आज एक गळती सापडली, तीही मी एक दुपार ओळी वाचत बसले म्हणून. उद्या कुणी नव्या फोल्डरात आणखी एक हेडर टाकेल, तेव्हा कोण वाचत बसणार आहे? दादा म्हणाला, रिव्ह्यू कशासाठी असतो मग? मी म्हटलं, रिव्ह्यू मी केला होता ना.

यावर कुणी हसलं नाही. मी हसवायला म्हटलंही नव्हतं.

बाईंनी एकच प्रश्न विचारला, दादाला. चुकीचं हेडर लागलं, तर वर्गातल्या विद्यार्थ्याला ते कळणार कसं?

दादाने फळ्यावरच्या आपल्या यादीवरून वरून खाली एकदा बोट फिरवलं. त्याला वळवून उत्तर देता आलं असतं. वाद घालण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण तो म्हणाला, “ही वोंट.” त्याला कळणारच नाही. आणि पेन खाली ठेवलं.

ठरलं असं, की वेगळ्या याद्या करायच्या. काम मी करायचं. तपासायचं दादाने, कारण ते सगळं इतकं आतून माहीत असणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढचे बारा दिवस मी नीट झोपले-जेवले असेन, पण आठवत नाही. एक फाइल हलवली की तीन तुटायच्या. पडदाभर लाल अक्षरं. दादा म्हणाला होता तसंच. मी त्या अक्षरांना शिव्याही घातल्या. पण प्रत्येक लाल ओळ कुठेतरी एखादी फाइल शेजाऱ्याच्या घरातून काहीतरी उचलत होती हे सांगत होती. त्रेचाळीस फाइलींत राखणदारासारखी आणखी दोन ठिकाणं निघाली.

पहिला मसुदा मी दादाकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी एकोणीस शेरे आले, सगळे इंग्रजीत, आखूड, सभ्य. अकराव्या शेऱ्यात माझी खरी चूक होती. एका यादीत मी माझ्या लॅपटॉपवरच्या माझ्याच फोल्डरचा पत्ता विसरून ठेवला होता. माझ्याकडे बांधणी व्हायची, दुसऱ्या कुणाकडे झाली नसती. त्याने लिहिलं होतं, हा पाथ फक्त तुझ्या मशीनवर आहे. एवढंच.

एक महिन्यापूर्वी तो टेबलाशी येऊन म्हणाला असता, “काय गं, सगळ्या पोरांना मनुरेवाला तुझ्या घरी पाठवायचं ठरवलंस का?” मी तो शेरा पुन्हा वाचला. टोमणा कुठेच नव्हता, आणि मला तो हवा होता.

दुसऱ्या मसुद्यावर सात शेरे. त्यातला एक मला चुकीचा वाटला आणि मी तसं लिहिलं, कारणासकट. लिहायला सोपं गेलं, कारण ते इंग्रजीत होतं. दादाने तो मागे घेतला. तिसऱ्या मसुद्यावर दोन दिवस काहीच आलं नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल बघायचे. बसमध्ये, रांगेत, आईशी बोलताना. शेवटी उठून त्याच्या टेबलापाशी गेले, तर त्याच्यासमोर दोन्ही बोर्डं लावलेली होती, जुनंसुद्धा. ते त्याने माझ्या खणातून कधी नेलं मला कळलं नव्हतं. तो एकेक हेडरची यादी वाचत होता, बोट ठेवून. मी तशीच परत आले. त्या संध्याकाळी ओळ आली, त्याच्या नावाची.

म्हटलं तर सगळं नीट झालं. दिवे सेकंदाला लागत होते, सेकंदाला विझत होते. पण आमच्यात काहीतरी अडलं होतं. जेवायला आम्ही अजून एकत्र जायचो. रोटोटुनाला त्याची बहीण राहते, तिच्याकडे आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते, ते तिथे कसे कंटाळतात, वडील रोज डेअरीत जाऊन दूध आणायच्या निमित्ताने दुकानदाराशी तासभर कशा गप्पा मारतात, हे तो मराठीत सांगायचा. टेबलाशी परत आलो की इंग्रजी. त्याने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. कदाचित त्याला तेच न्याय्य वाटत असेल. मलाही इंग्रजीत ते सोपं जात होतं, त्याला नाही म्हणणं. आणि हेच मला खुपत होतं. माझ्याच भाषेत मला फक्त होकार येतो की काय?

शेवटच्या आठवड्यात त्याने एक छोटा बदल पाठवला. दोन्ही बोर्डांना लागणारी हेडरं एका फोल्डरात ठेवायची होती आणि त्याचं नाव त्याने ‘कॉमन’ ठेवलं होतं. तपासायला माझ्याकडे आलं होतं. मी सगळं वाचलं, दोन्हीवर चालवलं. बाकी बरोबर होतं. नाव पटलं नाही. मी उत्तराची चौकट उघडली, दोन शब्द लिहिले, पुसले आणि उठले.

त्याने कानावर हेडफोन घातले होते. मी उभी राहिले. नजर मिळाल्यावर म्हणाले, “दादा, मला हे पटत नाही.”

त्याने हेडफोन काढले. “काय?”

“हे कॉमन नाव. कॉमन म्हटलं की जो येईल तो काहीही त्यातच टाकणार. दोन वर्षांनी आतलं कुठलं कुणाचं ते कळायचं नाही.” पुढच्या वाक्याला माझी गाडी अडली. ‘बाउंडरी’ला मराठीत काय म्हणावं सुचेना. मी ‘हद्द’ म्हटलं, ते बरोबर वाटेना, परत सुरुवात केली. तो थांबून होता. त्याने मला शब्द पुरवला नाही.

“मग काय नाव ठेवायचं म्हणतेस?” तो मराठीत म्हणाला.

“ते नाही सुचलेलं.”

“नुसतं नाही म्हणायला आलीस होय? बस.”

बसले. आम्ही पाऊण वाजेपर्यंत वाद घातला. त्याचं म्हणणं होतं की बाकी सगळ्या कर्नलांत असल्या फोल्डरांची नावं अशीच असतात, मुलांनी तीच शिकलेली बरी, बाहेर गेल्यावर अडणार नाहीत. मी चार नावं सुचवली, चारही त्याने हाणून पाडली. एकाला तर म्हणाला, हे नाव ठेवलंस तर लोकांना वाटेल आत पापड आहेत. मी म्हटलं, दादा, मुद्द्याचं बोल. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. तो हसला नाही, रागावलाही नाही. मुद्द्याचं बोलला.

नाव शेवटी ‘कॉमन’च राहिलं. त्याचं कारण माझ्यापेक्षा भक्कम होतं, पण माझी शंका गेली नव्हती. टेबलाशी येऊन मी त्या बदलाखाली माझं नाव लिहिलं, की मी हे वाचलं आणि दोन्ही बोर्डांवर चालवलं. त्याच्या वर आणखी एक ओळ लिहिली, की फोल्डरच्या नावाला माझा विरोध आहे, आणि का. पाठवायच्या आधी त्याला बोलावून दाखवली. त्याने खांद्यावरून वाकून वाचली, एक चुकलेलं स्पेलिंग दाखवलं आणि म्हणाला, “ठेव. राहू दे तशीच.”